डाव्या आट्याच्या माशा

मिएना, ग्रेट लेक, टास्मानिया
९ मार्च १९९३

ओल्विन डिरीन,

सवयीने आधी 'प्रिय' टाइप केलं आणि मग त्यावर फुल्या मारल्या. फुल्या दिसत असतील. दिसू देत.

टाइपरायटर कशाला, असं विचारू नकोस. पेनातली शाई संपली आहे. शिवाय मला कार्बन लावायचा आहे. एक प्रत तुला, एक माझ्याकडे, आणि वेळ पडली तर तिसरी मासेमारी क्लबच्या कमिटीला. म्हणून तुला जे तोंडपाठ आहे तेही मी क्रमाने लिहितोय.

पहिल्यांदा माझ्या वस्तू. करड्या कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं, वॉलबी कांगारूच्या केसांची पुडी, बाकदार टोकांची कात्री. तिन्ही माझ्या आहेत. बर्नीत बहिणीकडे जाऊन राहिलीस तेव्हा बरोबर घेऊन गेलीस. परत पाठव.

आता घडलं ते. तुला माशी बांधायला, गळावर पिसं-केस गुंडाळून नकली किडा करायला, मी शिकवलं. तुझ्या नवऱ्याबरोबर, पर्सीबरोबर, मी बावीस वर्षं या तळ्यावर ट्राउट मासे पकडले. तो गेल्यावर तू दारं लावून बसलीस, तेव्हा मी माझा जुना व्हाइस, गळ पकडून ठेवायचा चाप, उचलून तुझ्या टेबलावर आणून लावला आणि म्हणालो, "ओल्विन, गळ असा धरायचा, दोरा असा ताणायचा, पिसं अशी गुंडाळायची. रडायचं तर रड, पण दोरा ढिला सोडू नकोस." आठवतंय?

मी गाडी चालवणं सोडलं. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. माझ्या बायकोला, मेविसला, गाडी येत नाही. म्हणून आठवडाभर बांधलेल्या माशांचा माझा डबा दर गुरुवारी क्लबच्या दुकानात पोचवायचं काम तू घेतलंस. दोन वर्षं तू वाटेत तळ्याकाठच्या तुझ्या लाकडी शॅकवर तो डबा उघडलास, माझी एकेक माशी ब्लेडने उसवलीस आणि त्याच गळावर, माझ्याच पिसांनी, स्वतः बांधून ठेवलीस. लोक दुकानातून 'पास्कोच्या माशा' म्हणून ज्या नेत होते त्यातली एकही पास्कोची नव्हती.

अठ्ठावीस फेब्रुवारीला क्लबचं वार्षिक जेवण होतं. नव्वद माणसं होती. माझ्या चाळीस वर्षांच्या कामाबद्दल मला चषक दिला. मग होबार्टहून आलेल्या त्या पाहुण्याला हुक्की आली. "मिस्टर पास्को, एखादी बांधून दाखवा ना!" टेबल लावलं, दिवा लावला. हॉलमध्ये उकडत होतं, लोक अंगावर आले होते. दोरा तीनदा तुटला. कोणाचाही तुटला असता.

तेव्हा तू मागच्या बाकावरून उठलीस. "त्यांना सोडा. गेली दोन वर्षं त्या माशा मीच बांधते आहे."

मी तुला चोर म्हणालो. माझं नाव चोरणारी म्हणालो. कमिटीने तुझं नाव सभासदांच्या यादीतून काढलं. मी एक शब्दही मागे घेत नाही.

वस्तू नीट बांधून पाठव. पिसं दुमडता कामा नयेत.

मर्विन पास्को

*

३० मार्च

ओल्विन,

पार्सल मिळालं. पिसं दुमडलेली नाहीत. कात्रीला धार लावलेली दिसते. ती लावायला मी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठीत तू चारच शब्द लिहिलेस. 'मर्व्ह, मेविसला विचार. ओल्विन.' मला वाटलं, हिला उत्तर सुचलं नाही म्हणून माझ्या बायकोच्या पदराआड लपतेय. तरी विचारलं. ती भाजीसाठी भोपळा कापत होती.

"ओल्विन लिहिते, मेविसला विचार. काय विचारू?"

"विचार की, कल्पना कोणाची होती."

"कोणाची होती?"

"माझी. हात तिचे."

मी म्हणालो, एकेचाळीस वर्षं माझ्या ताटात वाढलंस आणि माझ्याच पाठीमागे हे धंदे केलेस? तिने सुरी खाली ठेवली. मेविसने सुरी खाली ठेवली की मी उठून बाहेर जातो हे तुला ठाऊक आहे. या वेळी उठलो नाही.

"क्लबच्या दुकानातून क्लॅरी बेसविकने तुझ्या माशा परत पाठवल्या होत्या, तो आठवडा आठव," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने फेकताच पिसं सुटली म्हणून. तीन दिवस तू जेवला नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी होडी काढलीस. जुलै महिना, ऐन हिवाळा, काठाला बर्फ धरलेलं, आणि लाइफ जॅकेट खुंटीवर."

"होडी गळते का ते बघायला गेलो होतो."

"तळ्याच्या मध्यापर्यंत?"

मी होडी बघायलाच गेलो होतो. हे मी कार्बनवरही लिहून ठेवतो. जॅकेट विसरलो. माणूस विसरतो. मेविस मात्र त्या दिवशी पळत तुझ्याकडे आली, तू तुझी होडी पाण्यात घातलीस, आणि मला काही न विचारता दोर बांधून ओढून आणलंस. तेव्हाच तुम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं म्हणे. म्हाताऱ्याच्या माशा पुन्हा परत येता कामा नयेत.

ठरवताना मला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी काय आजारी बकरा होतो?

हे सगळं विचारलं त्या दिवसापासून मेविस आणि मी मीठ-मिरीपुरतं बोलतो. याचंही पाप तुझ्याच माथी.

मर्विन पास्को

*

१८ मे

ओल्विन,

या पत्राला कार्बन लावलेला नाही.

गेल्या आठवड्यात लॉन्सेस्टनला डॉक्टरकडे गेलो. मेविसने बसने न्यायचं ठरवलं, मी गेलो. पोरगेलासा डॉक्टर. मला म्हणाला, टेबलावर हात ठेवा, आता बोटं जुळवा, आता चाला. मग आजाराचं नाव सांगितलं. थरथर वाढत जाईल, गोळ्यांनी थोडी आवरेल. मी त्याला विचारलं, "हे कधीपासून?" तो म्हणाला, "ते तुम्हीच सांगा, मिस्टर पास्को." मेविस खिडकीबाहेर बघत बसली.

सहानुभूतीचं कार्ड पाठवलंस तर चुलीत घालीन.

लिहायचं कारण वेगळं आहे. काल क्लॅरी घरी आला. क्लबच्या भिंतीवर काचेची पेटी लावायची आहे. चषक मिळालेल्या माणसाच्या बारा माशा आणि खाली पितळी पट्टीवर नाव. दुकानात शिल्लक राहिलेल्या तो घेऊन आला होता. म्हणाला, "यातून तूच बारा निवड, मर्व्ह. ती उसवायला लागली त्याच्या आधीच्या, तुझ्या हातच्या, ओळखशीलच."

"आणि नाही ओळखल्या तर?"

"अरे, कोण काच काढून बघणार आहे!"

तो चहा पिऊन गेला. मी भिंग काढलं. चौतीस माशा होत्या. चौतीसच्या चौतीस तुझ्या.

हे मला कळायला भिंगाची गरज नव्हती. मी तीस वर्षं वीजकेंद्रात टर्बाइनचे बोल्ट बसवले. उजवा आटा आणि डावा आटा मला अंधारात नखाने कळतो. तू डावखुरी आहेस. तू व्हाइस उलटा लावतेस, तुझा दोरा उलट्या बाजूने चढतो आणि पिसाचा वेढा डाव्या आट्यासारखा बसतो. दिसायला सुबक, पण उलटा.

पहिल्या गुरुवारनंतर दुकानातून माझी म्हणून एक माशी क्लॅरीने मला दाखवायला आणली होती. "हे बघ, जुना मर्व्ह परत आला!" मी ती बोटांवर फिरवली. डावा आटा होता.

ओल्विन, मला त्याच दिवशी कळलं होतं.

मी क्लॅरीला म्हणालो, "हं. या वेळी दोरा चांगला मिळाला."

मग दर गुरुवारी डबा तुझ्या हातात देताना मी वर बघायचो नाही. तूही बघायची नाहीस. दुकानात लोक पाठीवर थाप मारायचे आणि मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. घरी येऊन मी रोज तीन तास बसून ती केविलवाणी गाठोडी बांधायचो, तू उसवणार हे माहीत असताना. का, ते मला विचारू नकोस.

बारा माशा मी अजून निवडलेल्या नाहीत.

मर्विन

*

२० जून

ओल्विन,

दोन पानी पत्र मिळालं. इतकं बोलायचं होतं तर चार शब्दांची चिठ्ठी का पाठवलीस?

तुझं पत्र समोर ठेवून एकेक मुद्दा घेतो.

तू लिहितेस, 'तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. डबा देताना तुझे कान लाल व्हायचे.' बरं.

तू लिहितेस की तूही काही साध्वी नव्हतीस. दुकानात लोक माझी तारीफ करायचे तेव्हा तू मागे उभी राहून लोणच्याच्या बाटल्या बघत असल्यासारखं करायचीस आणि मनात सगळी तारीफ स्वतःच्या खिशात घालायचीस. पर्सी गेल्यापासून तेवढंच एक सुख होतं, असंही लिहितेस. हे तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. तुझ्यावर रागावणं आधी सोपं होतं.

तू लिहितेस, 'त्या दिवशी तुझा दोरा तीनदा तुटला, मला बघवेना म्हणून उठले. तू मला खोटारडी म्हणाला असतास तर मी गप्प बसले असते. तू चोर म्हणालास. आणि म्हणताना तुला खरं माहीत होतं. नव्वद माणसांत ते फक्त तुला, मला आणि मेविसला माहीत होतं.' पुढे जातो.

तू लिहितेस, पर्सीची राख तळ्यात आहे आणि क्लबच्या उतारावरून पाण्यात होडी घालायची तुला बंदी आहे. तिथे जायचं कसं? हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं. कमिटीलाही सुचलं नसावं.

तू लिहितेस, 'कबूल केलंस ते बरं झालं. पण कबूल कोणाजवळ केलंस? माझ्याजवळ. मला तर माहीतच होतं.'

आणि शेवटी, सहीच्या खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं: 'जाता जाता सांगते, मर्व्ह. हात चांगले होते तेव्हाही तुझ्या माशा इतक्या चांगल्या नव्हत्या. डोकी जाड असायची. पर्सी म्हणायचा, मर्व्हच्या माशांना गालगुंड झालंय.'

हे मात्र साफ खोटं! पर्सी असं म्हणणं शक्य नाही. बावीस वर्षं तो माझ्याच माशा वापरत होता. मी हे वाक्य मेविसला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने बाजू घ्यावी म्हणून. ती हसायला लागली. मार्चपासून ती घरात हसली नव्हती. चुलीला हात टेकून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "गालगुंड! हो रे, म्हणायचा तो!"

मग मी माळ्यावरून माझी पंच्याऐंशी सालची पेटी काढली आणि भिंगाखाली एकेक तपासली. साठ माशांपैकी अकरांची डोकी जाड निघाली. साठातल्या फक्त अकरा. आकडा लिहून ठेव आणि पुन्हा बोलू नकोस.

मर्विन पास्को

*

९ ऑगस्ट

ओल्विन,

काल रविवारी क्लबची वार्षिक सभा झाली. काय झालं ते क्लॅरीकडून वाकडंतिकडं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

बाहेर बर्फाचं पाणी पडत होतं. बत्तीस माणसं आली होती. हिशेब, उताराची दुरुस्ती, सगळं झाल्यावर क्लॅरीने विचारलं, "आणखी कोणाला काही?" मी उभा राहिलो. हात खिशात घातले होते, मग बाहेर काढले. टेबलावर ठेवले. चषकाची कड माझ्या बोटांनी खडखडायला लागली. सगळ्यांनी आवाज ऐकला.

मी म्हणालो, "दोन वर्षं माझ्या नावाने विकलेल्या माशा ओल्विन डिरीनने बांधल्या होत्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुमची तारीफ घेतली, हा चषक घेतला, आणि तिला चोर म्हणालो."

क्लॅरी म्हणाला, "मर्व्ह, तुझी तब्येत बरी नाही. बस खाली."

"हातांची तब्येत बरी नाही. जीभ ठणठणीत आहे."

"बरं, आम्ही ऐकलं. हे इतिवृत्तात घ्यायलाच हवं का?"

"तिला काढलंत ते घेतलं होतं ना? मग हेही घे."

मागून म्हातारा टॅस्मन ग्रीव्ह ओरडला, "म्हणजे दोन वर्षं आम्ही डोकं खाजवत ज्याला विचारत होतो की हा वेढा कसा घेतोस, त्याला ते येतच नव्हतं?"

"नव्हतं येत."

"मग उत्तर काय द्यायचास रे?"

"सरावाने जमतं म्हणायचो."

थोडे हसले. बरेच हसले नाहीत. तिघं उठून गेले. त्यांत एकजण असा होता ज्याच्या मुलीच्या लग्नात मी बँडच्या आधी भाषण केलं होतं. त्याने दाराशी वळून माझ्याकडे असं बघितलं की तू मला चोर म्हणाली असतीस तरी परवडलं असतं.

मग मतदान झालं. तुझं नाव यादीत परत घ्यायचं, एकवीस विरुद्ध आठ. काचेच्या पेटीत तुझ्या नावाची पट्टी लावायची, हे मी मांडलं. ते पडलं. क्लॅरी म्हणाला, "एवढ्यात नको, लोकांना जरा विसरू दे." चषक मी टेबलावरच ठेवला. कोणी 'घेऊन जा' म्हणालं नाही.

मेविस आणि मी चालत घरी आलो. दोन मैल. क्लॅरीची गाडी चिखल उडवत शेजारून गेली, थांबली नाही. मेविसने माझा हात धरला होता. तो हलत होता, म्हणून तिचाही हलत होता. कपाळावर पाणी निथळत असताना ती म्हणाली, "आता घरी जाऊन गरम काहीतरी करू." बस, एवढंच.

उताराच्या फाटकाची किल्ली पाकिटात आहे. तुझ्या शॅकचा पाण्याचा नळ गारठ्याने फुटला होता, तो मी बदलून घेतलाय. हे सगळं तुझ्यासाठी केलं असं मनात आणू नकोस.

आता ज्याच्यासाठी हे पान घेतलं ते. मी माशी बांधणं बंद केलं आहे. व्हाइस पुसून, तेल लावून ठेवलाय. गळ फेकता मात्र येतो, खांद्याला अजून काही झालेलं नाही. पण दोऱ्याचं टोक गळाच्या नाकात जात नाही, आणि गेलं तरी गाठ बसत नाही. मेविसला मोतीबिंदू आहे. डिसेंबरात पाण्यावर खऱ्या माशा उडायला लागतील, ट्राउट वर येतील. तू शनिवारी धक्क्यावर येऊन माझी गाठ मारून द्यावीस. लपून नाही. सगळ्यांदेखत मी दोरा तुझ्यापुढे धरीन. बोलायची गरज नाही. गाठ मार आणि तुझ्या होडीत बस.

उत्तर हो किंवा नाही, एका शब्दात चालेल.

मर्व्ह

*

६ डिसेंबर

ओल्विन,

एका शब्दात उत्तर मागितलं होतं, ते तू ऑगस्टमध्येच दिलंस. 'नाही.' तीन महिने मी त्यावर काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबरात तू येऊन गेलीस हे मला कळलं. सोमवारी सकाळी, धक्क्यावर कोणी नसताना होडी घातलीस, पर्सीच्या जागेपर्यंत गेलीस आणि दुपारच्या आत बर्नीला परतलीस. मेविसला भेटलीस. तिच्याबरोबर चहा घेतलास. मी मागच्या खोलीत होतो. तुमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी बाहेर आलो नाही. तूही विचारलं नाहीस. फिट्टंफाट.

शनिवारी खऱ्या माशा उठल्या. तळ्यावर वारा पडला, अकराच्या सुमारास तपकिरी पंखांनी पाणी भरून गेलं, आणि ट्राउट असे वर येत होते की दारात उभं राहून तोंडं मोजता यावीत. मी गळाची काठी घेऊन धक्क्यावर गेलो. क्लॅरी होता, टॅस्मन होता, आणखी पाचसहाजण. कोणी पाठ फिरवली नाही, कोणी पुढेही आलं नाही. मी पेटीतून माशी काढली. तुझीच होती. क्लॅरी घेऊन आला होता त्या चौतिसांतली. दोरा नाकात घालायचा प्रयत्न केला. सहा वेळा. सगळे अगदी मन लावून तळ्याकडे बघत होते.

शेजारी एक बाई होती, डेव्हनपोर्टची, गुलाबी टोपी, आयुष्यात दुसऱ्यांदा काठी धरलेली. नर्स आहे म्हणाली. मी तिला म्हणालो, मोठ्याने म्हणालो, "माझे हात चालत नाहीत. गाठ मारून देता का?"

"हो, द्या की!" ती म्हणाली. जणू मी किती वाजले विचारलं होतं.

मला वाटलं होतं हे बोलल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. टॅस्मनने नाक शिंकरलं. बाईने दोरा ओवला आणि बुटाची नाडी बांधतात तसं काहीतरी केलं. मी 'थँक यू' म्हणालो.

तिसऱ्या फेकीला एकाने गळ घेतला. तपकिरी ट्राउट, पाच पौंडांच्या आत नाही. खडकाकडे पळाला, वळला, पोट दाखवलं. क्लॅरी जाळी घेऊन धावत आला. सभेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "वर धर, मर्व्ह, काठी वर धर!" आणि तेवढ्यात दोरा सैल पडला. टोक हातात आलं तेव्हा सापासारखं वेटोळं झालेलं होतं. गाठ सुटली होती.

बाई रडायच्या बेतात. मी तिला म्हणालो, "होतं असं. पुन्हा मारा." तिने पुन्हा मारली. तीही सुटली.

दर शनिवारी ती येणार म्हणते, शिकायला. मी शिकवीन. तोंडाने सांगेन, हात तिचे.

तू आलीस काय, न आलीस काय, आता सारखंच. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. पाच पौंडांचा होता, ओल्विन. तुझी गाठ सुटली नसती, असं मी कुठेही लिहिणार नाही.

मर्विन पास्को